नाकसाहेब आणि वाळूची पेटी

जिन्यात घाण वास येतोय, हे नाकसाहेबांना रविवारी सकाळी सेक्रेटरींकडून कळलं आणि त्यांना धक्का बसला. धक्का वासाचा नव्हता. गेले आठ दिवस तो वास येत होता आणि इमारतीतलं लहान-थोर नाकाला रुमाल लावून जिना उतरत होतं, हे ऐकून बसलेला तो धक्का होता. कारण या आठ दिवसांत नाकसाहेब त्याच जिन्यावरून रोज चार वेळा गेले होते, आणि तेही मजेत शीळ घालत.

"आता तुम्हीच चला," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या मागे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आणि आणखी चार-पाच मंडळी उभी होती. "इमारतीत एवढा मोठा तज्ज्ञ असताना आम्ही आपले चाचपडतोय. कुठून येतोय तेवढं सांगा, पुढचं आम्ही बघून घेतो."

तज्ज्ञ ही पदवी काही सेक्रेटरींनी उगीच बहाल केलेली नव्हती. नाकसाहेब साबणाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं वास तपासत होते. नवा माल निघाला की त्यातली एक वडी त्यांच्यापुढे यायची, ते डोळे मिटून ती नाकाखाली धरायचे आणि "पास" किंवा "नापास" म्हणायचे. नापास म्हटलं की अख्खा माल परत कढईत. खुद्द मालकीणबाईसुद्धा त्यावर अवाक्षर काढत नसत. म्हणून कारखान्यात त्यांना नाकसाहेब म्हणायचे, आणि हे नाव कारखान्यातून इमारतीत कधी आलं ते त्यांनाही कळलं नाही. आवडलं मात्र होतं.

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी, जी त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. अगदी बायकोलाही नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना एक साधी सर्दी झाली. सर्दी पाच दिवसांत गेली, पण जाताना नाकातला वास सोबत घेऊन गेली. महिनाभर त्यांनी वाफारे घेतले. मग ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा लांबच्या वस्तीतल्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. तो आला नाही. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, आणि ज्या माणसाला वास येत नाही त्याला वास तपासायला कोण ठेवणार? बोभाटा झाला असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागलं असतं, आणि घरी बसण्यापेक्षाही वाईट म्हणजे लोकांनी कीव केली असती.

तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. त्यांच्या हाताखाली चाळिशीच्या एक सहायक बाई होत्या. आलेली वडी नाकसाहेब आधी त्यांच्या नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "शिकायचं असेल तर आधी आपला अंदाज बांधावा." बाई अंदाज बांधत, आणि नाकसाहेब बाईंची भुवई बघत. भुवई वर गेली की पास, नाक आक्रसलं की नापास. तरीही शंका राहिलीच तर वडी हातात घेऊन ते साबण गुंडाळणाऱ्या बायकांच्या टेबलाजवळून एक चक्कर मारत आणि दहा चेहरे वाचून परत येत. मग डोळे मिटून निकाल. साहेब हल्ली फार मनापासून शिकवतात, असं कारखान्यात त्यांचं नाव झालं होतं.

रविवारच्या मोहिमेवर ते याच विद्येच्या भरवशावर निघाले. त्यांच्या स्वतःच्या दारात, तिसऱ्या मजल्यावर, सगळ्यांचे चेहरे वाकडे होते. पण त्याला त्यांनी जबाबदार नागरिकांची काळजी समजून सोडून दिलं. दुसऱ्या मजल्यावर चेहरे सैल झाले. पहिल्या मजल्यावर, पोस्टमास्तरांच्या दारासमोर मात्र सेक्रेटरींनी तोंड फिरवलं, एका बाईंनी पदर नाकाला लावला आणि दस्तुरखुद्द पोस्टमास्तरांनी डोळे मिटून घेतले.

नाकसाहेब थांबले. त्यांनी मान थोडी मागे टाकली, एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "इथे."

"म्हणजे माझ्याकडे?" पोस्टमास्तर हबकले.

"तुमच्या बाथरूमच्या फरशीखाली. पाइप फुटलाय. वासाचा रोख खालून वर आहे." रोख वगैरे शब्द कुठून सुचले कोण जाणे, पण सुचले खरे. तज्ज्ञाला शब्द कमी पडत नाहीत.

पोस्टमास्तर कायद्याने चालणारे गृहस्थ. तज्ज्ञाने सांगितलं म्हणजे सांगितलं. त्यांनी सोमवारीच प्लंबर बोलावला आणि मंगळवारपर्यंत त्यांच्या बाथरूमची एकही फरशी जागेवर राहिली नाही.

बुधवारी सकाळी नाकसाहेब हातात कागदी पिशवी घेऊन जिना उतरत होते. ही पिशवी म्हणजे त्यांच्या लेकीची कृपा. लेकीला दुसऱ्या गावी नोकरी लागली तेव्हा तिने आपलं मांजर "पंधरा दिवसांसाठी" आईवडिलांकडे ठेवलं होतं. त्या पंधरा दिवसांना आता चार महिने झाले होते. मांजरासोबत एक पसरट पेटी आली होती आणि त्या पेटीत घालायची वाळू. मांजर आपले सगळे विधी त्या वाळूत उरकायचं, आणि मग त्यातली ढेकळं झाऱ्याने उपसून कोणीतरी टाकायची. हे कोणीतरी कोण, असा प्रश्न पहिल्याच दिवशी घरात उभा राहिला तेव्हा नाकसाहेब आपण होऊन म्हणाले होते, "मी करीन." दोन वर्षांत या नाकाचा घरात झालेला तेवढा एकच उपयोग. ते रोज ढेकळं कागदी पिशवीत भरत आणि जिन्याखालच्या सामाईक डब्यात टाकून कामाला जात. गेले पंधराएक दिवस त्यांचा उजवा गुडघा दुखत होता, म्हणून पहिल्या मजल्यावर ते पिशवी खाली ठेवून घटकाभर टेकत.

बुधवारीही टेकले. पोस्टमास्तरांच्या उघड्या दारातून त्यांनी आत डोकावून विचारलं, "सापडला का पाइप?"

धुळीने पांढरा झालेला प्लंबर बाहेर आला. "पाइप ठणठणीत आहे, काका. एक विचारू? ही पिशवी कोणाची?"

"माझी."

प्लंबरने ती दोन बोटांनी उचलली. तळ भिजला होता, आणि खालच्या लादीवर तिचा गोल डाग उमटला होता. त्याच जागी तसे आणखी बरेच जुने डाग होते. "मी तीस वर्षं गटारात उतरतोय," प्लंबर शांतपणे म्हणाला, "पण याच्यापुढे आपण हात टेकले."

पोस्टमास्तर फोडलेल्या फरश्यांच्या ढिगावर मटकन बसले. त्यांनी आधी डागांकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग नाकसाहेबांकडे. शेवटी म्हणाले, "पण तुम्हाला... तुम्हाला कळलं नाही?"

नाकसाहेब हादरले, पण जीभ मात्र शाबूत होती. "सर्जन कधी आपल्या घरच्या माणसाचं ऑपरेशन करत नाहीत," ते म्हणाले. "हात चालत नाही. तसंच आहे हे. घरचा वास असला की नाक चालत नाही." हे बोलणं पोस्टमास्तरांना पटलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण ते अजून फरश्यांकडेच बघत होते.

संध्याकाळी नोटीस आली. आठ दिवसांत वास बंद झाला नाही तर मांजर इमारतीबाहेर. खाली सेक्रेटरींची सही आणि सहीखाली दोन रेघा.

"मांजर गेलं तर लेकीला काय तोंड दाखवू मी?" बायको म्हणाली. मांजर तिच्या मांडीवर होतं. लेक गेल्यापासून घरात बोलायला तेच उरलं होतं, आणि ते गेलं तर घर खायला उठेल हे नाकसाहेबांनाही कळत होतं. पण त्यांची खरी धास्ती वेगळी होती. वास राहिला तर लोक पुन्हा विचारणार, तुम्हाला कळत कसं नाही? दर वेळी सर्जन कुठून आणायचा?

दुसऱ्या दिवसापासून पोस्टमास्तर त्यांच्याकडे आंघोळीला यायला लागले. स्वतःच्या बाथरूममध्ये उभं राहायला जागा नव्हती, आणि ज्याने फोडायला लावली त्याच्याकडे जाणं हा त्यांना न्याय वाटत होता. साडेसहाला खांद्यावर टॉवेल टाकून ते दारात हजर. आंघोळ होईपर्यंत गप्प, आंघोळ झाली की सल्ला सुरू. खायचा सोडा टाका, म्हणाले. नाकसाहेबांनी टाकला. दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई म्हणाल्या, कोळसा ठेवा, वास ओढून घेतो. कोळसा ठेवला. मांजर त्यावरून चालत गेलं आणि घरभर, चादरीसकट, काळी पावलं उमटली. इस्त्रीवाला म्हणाला, कॉफीची पूड. तळमजल्यावरचा सुतार म्हणाला, भुसा, आणि पोतंभर आणूनच टाकला. आठवड्याअखेर त्या पेटीत एखादं किराणा दुकान मांडता आलं असतं. वास गेला का, हे मात्र नाकसाहेबांना कळेना. बायको पेटीच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती, आणि पोस्टमास्तरांच्या चेहऱ्यावरून काही ताडावं तर फरशी फुटल्यापासून त्यांचा चेहरा कायमचा तसाच राहिला होता.

जिन्याखालच्या डब्यात आता टाकायची सोय उरली नव्हती, म्हणून त्यांनी दारावर येणाऱ्या कचरागाडीकडे पिशवी दिली. गाडीवाल्याने ती हातात तोलली आणि विचारलं, "ओला का सुका?" नाकसाहेब म्हणाले, "वाळू सुकी, ढेकळं ओली." गाडीवाला म्हणाला, मग वेगवेगळं करून आणा. वरिष्ठांशी बोलायला ते सफाई कार्यालयात गेले, रीतसर रांगेत उभे राहिले, आणि खिडकीतल्या कारकुनाने नियमांचं पुस्तक चाळून सांगितलं की वाळू हा बांधकामाचा राडारोडा ठरतो, त्यासाठी कंत्राटदाराचं पत्र लागेल.

"कंत्राटदार मांजर आहे," नाकसाहेब म्हणाले. त्यांचाही तोल जाऊ लागला होता.

"नमुना आणलाय?"

त्यांनी आणला होता. सरकारी कामात पुरावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. पिशवीचं तोंड उघडलं गेलं, आणि पुढच्याच क्षणी खिडकी बंद झाली. मागे वळून पाहतात तो रांगही नव्हती. सोळा माणसं एवढ्या लवकर कशी पांगली याचं नाकसाहेबांना मोठं नवल वाटलं. सरकारी कार्यालयात एकटे उभे राहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

रविवारी त्यांनी शेवटचा उपाय केला. आपल्या खात्यातली गुलाबाच्या अर्काची एक बाटली त्यांच्याकडे नमुना म्हणून पडून होती. हा अर्क असा जालीम की शंभर वड्यांना दोन थेंब पुरतात. नाकसाहेबांनी वाळूत दोन थेंब टाकले आणि हुंगून पाहिलं. काही नाही. आणखी दोन टाकले. काही नाही. आता कशाला थेंब मोजायचे, असं म्हणून त्यांनी बाटली उलटी केली.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, सगळ्या खिडक्या उघडल्या, मांजराला काखोटीला मारलं आणि जिन्यात जाऊन बसली. सेक्रेटरी धावत वर आले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आधी नुसता वास होता," ते म्हणाले, "आता तो नटूनथटून आलाय." सोमवारी पोस्टमास्तर टॉवेल घेऊन दारापर्यंत आले, तिथूनच परतले आणि आपल्या घरी उघड्या विटांवर उभं राहून त्यांनी आंघोळ केली.

मांजराचं काय झालं याचा विचार कोणी केलाच नाही. मांजर हा शिस्तीचा प्राणी. त्याने त्या गुलाबाच्या पेटीभोवती एक प्रदक्षिणा घातली, आत पाय ठेवायला ठाम नकार दिला आणि दुसरी सोयीची जागा शोधली. ती कोणती, हे घरात कोणालाच कळलं नाही. नाकसाहेबांनी सोमवारी सकाळी खुंटीखाली उघडी पडलेली आपली चामड्याची बॅग उचलली, चेन लावली आणि ते कारखान्यात गेले.

तो सोमवार साधासुधा नव्हता. मालकीणबाईंनी आठ महिने खपून एक नवा साबण तयार करवून घेतला होता, वास त्यांनी स्वतः निवडलेला, आणि आज त्याची परीक्षा होती. त्या जातीने आल्या होत्या. खोलीची दारं-खिडक्या बंद होती, कारण बाहेरचा वास आत येता कामा नये हा नाकसाहेबांचाच नियम. एका बाजूला सहायक बाई, दुसऱ्या बाजूला गुंडाळणाऱ्या दहा जणी. नाकसाहेबांनी बॅग टेबलाखाली सरकवली, वडी उचलली आणि सवयीप्रमाणे बाईंच्या नाकाशी धरली.

बाईंचं नाक आक्रसलं. नुसतं आक्रसलं नाही, मुरगळल्यासारखं झालं. नाकसाहेब दहा जणींपुढून वडी घेऊन गेले. दहाही जणींनी तोंडावर हात धरले होते. एकीला तर उमासे येत होते. मालकीणबाई रुमालाआडून त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. सव्वीस वर्षांत एवढं एकमत नाकसाहेबांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना मनापासून वाईट वाटलं, पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. त्यांनी डोळे मिटले, वडी हुंगली आणि खाली ठेवली.

"नापास," ते म्हणाले. "बाईसाहेब, स्पष्ट बोलतो, क्षमा करा. हा साबण बाजारात गेला तर लोक आंघोळ करायची सोडतील."

मालकीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी ती वडी उचलली, दार उघडून अंगणात गेल्या, तिथे ती हुंगली आणि आत आल्या. "साबण उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "वास या खोलीला येतोय."

सहायक बाईंनी खाली वाकून पाहिलं आणि फूटपट्टीने टेबलाखालची बॅग बाहेर ओढली. चेन उघडली. आत घडी घातलेला मफलर होता, आणि मफलरवर मांजराने आपला निषेध सविस्तर नोंदवला होता. अकरा बायका एकदम भिंतीला टेकल्या. बॅगेपाशी एकटे नाकसाहेबच उरले. हे नक्की काय आहे ते बघायला ते खाली वाकले, चांगले वीतभर अंतरावर तोंड नेऊन त्यांनी निरखून पाहिलं, आणि वर मान केली तेव्हा मालकीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"तुम्हाला काहीच वाटत नाहीये?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

सर्जन जिभेच्या टोकावर आला होता. पण नाकसाहेब थकले होते. दोन वर्षं लोकांच्या भुवया वाचून ते पार थकून गेले होते. "मला वास येत नाही, बाईसाहेब," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली."

"मग दोन वर्षं माल पास कोणी केला?"

त्यांनी सहायक बाईंकडे बोट दाखवलं. बाईंच्या हातातली फूटपट्टी खाली पडली. "मी?" त्या म्हणाल्या. "मला तर वाटायचं, साहेब शिकवतायत."

मालकीणबाईंनी बाजारातून आलेल्या तक्रारींची फाइल मागवली. नाकसाहेब घामाने डबडबले. आता दोन वर्षांची पापं बाहेर पडणार, याची त्यांना खात्रीच होती. बाईसाहेबांनी पानं उलटली, पुन्हा मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. मग फाइल त्यांच्याकडे फिरवली. गेल्या दोन वर्षांत वासाबद्दल तीन तक्रारी होत्या. त्याआधी, नाक शाबूत असताना, दर वर्षी चाळीस-पन्नास.

नाकसाहेब त्या आकड्यांकडे बघतच राहिले. मांजराची नोटीस, पोस्टमास्तरांची फरशी, मफलर, कशाचंच त्यांना काही वाटेनासं झालं. चोवीस वर्षं आपण डोळे मिटून, मान मागे टाकून जे निकाल दिले, ते न देता नुसतं बाईंना विचारलं असतं तरी चाललं असतं, नव्हे बरंच झालं असतं. असा धक्का त्यांना आयुष्यात बसला नव्हता. नोकरी गेली असती तरी एवढं लागलं नसतं.

नोकरी गेली नाही. उद्यापासून बाईंनी त्यांच्या खुर्चीवर बसायचं आणि त्यांनी शेजारच्या स्टुलावर बसून बाई म्हणतील ते रजिस्टरात लिहायचं, निवृत्त होईपर्यंत, असं ठरलं. बाईंनी संकोचून विचारलं, "साहेब, चालेल ना तुम्हाला?" नाकसाहेब म्हणाले, चालेल. दुसरं काय म्हणणार?

घरी आले तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. नाकसाहेब तिच्यासमोर बसले. आज सगळंच होऊन जाऊ दे, असं त्यांच्या मनाने घेतलं. "तुला एक सांगायचंय," ते म्हणाले. "मला वास येत नाही. दोन वर्षं झाली."

"माहितीये," बायको म्हणाली आणि दुसरा टॉवेल उचलला.

नाकसाहेब अवाक झाले. "कधीपासून माहितीये?"

"त्याच महिन्यात कळलं. गॅसवर दूध करपलं, मी तळमजल्यावरून धावत वर आले, आणि तुम्ही गॅसशेजारी बसून पेपर वाचत होतात."

त्यांचे डोळे पाणावले. तीस वर्षांच्या संसारात आपण या बाईला ओळखलंच नाही, असं त्यांना वाटलं. "आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस. माझा मान राखलास."

"राखला ना," बायको म्हणाली. "म्हटलं, सांगतील मनात येईल तेव्हा. पुढे मागे विचारणारही होते मी. तेवढ्यात ते मांजर आलं, आणि वाळूची पेटी तुम्ही आपण होऊन अंगावर घेतलीत." तिने घडी टॉवेलांच्या गठ्ठ्यावर ठेवली. "मग म्हटलं, कशाला विचारा."

नाकसाहेबांनी एक टॉवेल उचलला आणि उलटीच घडी घातली.

"आणि अहो, ती पेटी धुता ना तुम्ही?"

"धुवायची असते?"

आता अवाक व्हायची पाळी बायकोची होती. "चार महिने नुसती ढेकळं उपसताय? तळाशी काय साचलंय ते तुम्हाला दिसलं तरी का?" ती उठली. तिने सगळी वाळू दुहेरी पिशवीत ओतायला लावली, गाठ मारायला लावली, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला लावली, आणि त्यांच्या हातात साबण, कढत पाण्याची बादली आणि ब्रश दिला. "नोटिशीचे दोन दिवस उरलेत. वास गेला की मी सांगते. तुम्ही घासा."

ते घासायला बसले. अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं, गेला का? बायको दारातून म्हणाली, नाही. आणखी अर्ध्या तासाने विचारलं. अजून थोडा आहे, म्हणाली.

बुधवारी सेक्रेटरी आले, जिना दोनदा चढले-उतरले, आणि नोटीस फाडून, हात मिळवून गेले. पोस्टमास्तरही येऊन उभ्या उभ्या एक श्वास घेऊन गेले आणि "ठीक" म्हणाले. नाकसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ब्रश जागेवर ठेवला.

"अहो, थांबा," बायको म्हणाली. "बारीकसा येतोय अजून. रोज एकदा तरी घासावंच लागेल असं दिसतंय."

नाकसाहेबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. दोन वर्षं ते चेहरे वाचण्यावर जगले होते. कारखान्यातल्या अकरा जणींच्या नाकाची प्रत्येक सुरकुती त्यांना पाठ होती. त्यांनी बायकोची भुवई पाहिली, नाक पाहिलं, ओठांचे कोपरे पाहिले. कुठेही काहीही दिसलं नाही.

त्यांनी बादली भरून घेतली आणि ते पुन्हा घासायला बसले.